सकाळचा लांबणारा सेल्फ : पेट्रोल गाडीत इंधनाचा दाब कुठून उतरतो हे कसे शोधावे

स्टार्टर नेहमीच्या वेगाने फिरतो, बॅटरी नवी आहे, प्लग बदललेले आहेत, तरीही इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होत नाही. चार-पाच सेकंद, कधी आठ सेकंद सेल्फ मारावा लागतो आणि एकदा सुरू झाल्यावर मात्र गाडीची दिवसभर काहीही तक्रार नसते. माझ्या बारा वर्षे जुन्या, सीएनजी किट बसवलेल्या पेट्रोल हॅचबॅकला हा त्रास दोन वर्षांत तीनदा झाला. पहिल्या वेळी बॅटरी बदलली गेली, दुसऱ्या वेळी टाकीतला फ्युएल पंप, आणि तिसऱ्या वेळी चारही इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) बदलण्याचा सल्ला मिळाला, तेव्हा मी थांबलो, पुण्याच्या नाना पेठेतून इंधनाचा दाब मोजायचा गेज आणला आणि आठवडाभर वहीत आकडे लिहिले. त्या आठवड्यात जे समजले ते इथे सविस्तर मांडतो आहे, कारण हा दोष अवघड नाही. तो शोधण्याचा क्रम चुकतो, आणि क्रम चुकला की हजारो रुपयांचे चांगले भाग फेकले जातात. दाब उतरतो एवढे कळणे म्हणजे निदान नव्हे. तो कोणत्या वाटेने उतरतो हे कळेपर्यंत एकही भाग विकत घेऊ नये.

आधी एक फरक नीट कानाने ऐकावा. स्टार्टर मंद, दमल्यासारखा फिरत असेल तर प्रश्न इंधनाचा नाही. तो बॅटरीचा, तिच्या टर्मिनलांचा किंवा खुद्द स्टार्टरचा आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात आणि सेल्फ मारताना ते साधारण ९.६ च्या खाली जाऊ नयेत. स्टार्टर खणखणीत फिरत असूनही इंजिन पकडत नसेल, तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

बहुतेक एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत पंप पेट्रोलच्या टाकीत, मागच्या सीटखाली बसवलेला असतो. चावी ऑन केली की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, त्याला सुमारे दोन सेकंद चालवतो. शांत जागी उभे राहिल्यास मागून बारीक घूं असा आवाज येतो आणि थांबतो. एवढ्या वेळात पंपाने नळी आणि इंजिनावरची फ्युएल रेल (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणारी नळी) ठरलेल्या दाबापर्यंत भरणे अपेक्षित असते. हा दाब गाडीगणिक साधारण ३ ते ४ बार असतो. गाडी बंद केल्यावर पंपाच्या तोंडाशी असलेला चेक व्हॉल्व्ह पेट्रोलला मागे जाऊ देत नाही, दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर बंद राहतो, इंजेक्टर बंद राहतात, आणि दाब बराच काळ टिकून राहतो. या शिलकी दाबामुळे पुढच्या वेळी इंजिन एका सेल्फात सुरू होते. तो राखणारी दारे चार : चेक व्हॉल्व्ह, रेग्युलेटर, इंजेक्टर आणि टाकीतल्या मॉड्यूलमधल्या, म्हणजे पंप ज्या संचात बसतो त्यातल्या, ओरिंगा (गोल रबरी सील) व छोट्या नळ्या. गळती या चौघांपैकी कुठेतरी असते. बाहेरच्या नळीतून गळत असेल तर वास आणि डाग दिसतात, आणि अशी गाडी चालवूच नये.

शिलकी दाबाचा खरा उपयोग थंड सकाळपेक्षा गरम इंजिनाला जास्त होतो, हे फारसे कुणी सांगत नाही. गाडी बंद केल्यावर पाणी फिरायचे थांबते, वारा थांबतो आणि इंजिनाची उष्णता वर चढून पुढची वीस-तीस मिनिटे रेलला तापवत राहते. पेट्रोलमधले हलके घटक साध्या वातावरणीय दाबाला चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. तीन बार दाबाखाली ते द्रवच राहतात. दाब उतरला की रेलमध्ये बुडबुडे होतात, इंजेक्टरमधून पेट्रोलऐवजी अर्धी वाफ जाते आणि मिश्रण पातळ होते. म्हणून मे महिन्यात दुकानासमोर वीस मिनिटे उभी केलेली गाडी पुन्हा सुरू करताना थरथरते, गचके देते आणि दहा-पंधरा सेकंदांनी आपोआप ताळ्यावर येते. याउलट सकाळी दाब शून्य सापडला म्हणजे गळती आहेच असे नाही. इंजिन थंड होताना नळीत कोंडलेले पेट्रोलही आकसते, आणि तेवढ्यानेही काटा शून्यावर येऊ शकतो. निरोगी पंप शून्यापासूनही दोन सेकंदांत दाब उभा करतो. त्यामुळे सकाळच्या एका आकड्यावर कुणालाही दोषी ठरवू नये. बंद केल्यानंतरच्या पहिल्या पाच ते वीस मिनिटांत काटा कसा हलतो, त्यात उत्तर असते.

हत्याराशिवाय होणारी परीक्षा

रात्रभर उभ्या गाडीची चावी ऑन करावी, पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबावे, चावी बंद करावी, दहा-पंधरा सेकंद जाऊ द्यावीत आणि हे तीन वेळा करून मगच सेल्फ मारावा. मधली विश्रांती महत्त्वाची आहे, कारण काही ईसीयू लगेच दिलेल्या चावीला पंप पुन्हा चालवत नाहीत. बटणाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दाबून इग्निशन ऑन करता येते; काही नव्या गाड्यांत चालकाचे दार उघडतानाच पंप चालतो, तिथे ही परीक्षा तितकी स्पष्ट बोलत नाही. एक दिवस असे तीनदा दाब भरून, दुसऱ्या दिवशी थेट सेल्फ मारून, असे आलटून पालटून निदान सहा दिवस करावे आणि इंजिन पकडायला किती सेकंद लागले ते लिहावे. माझ्या वहीत थेट सेल्फाचे आकडे ६, ५ आणि ७ सेकंद होते. तीनदा भरल्यानंतरचे तिन्ही वेळा एका सेकंदाच्या आत. एवढ्यावरून ठिणगी, कॉम्प्रेशन आणि सेन्सर यांच्यावरचा संशय जवळजवळ मिटला.

तीनदा भरून काही फरक पडला नाही, उलट पेट्रोलचा वास आला, सुरू होताना काळा धूर निघाला, तर वाट वेगळी आहे. तिथे इंजेक्टर टपकत असण्याची शक्यता मोठी असते : दाब उतरतो तो टाकीकडे नाही, तर मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या वाटेत) उतरतो आणि सिलिंडर ओला होतो. अशा वेळी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारून पाहावा. बहुतेक ईसीयू या स्थितीत इंजेक्टर बंद ठेवतात, हवा आत जाते आणि ओले इंजिन पकडते. पूर्ण अॅक्सिलरेटरने सुरू होणारी गाडी आणि तीनदा चावी फिरवून सुरू होणारी गाडी, या दोन वेगळ्या आजारांच्या गाड्या आहेत. दोन्ही सकाळी त्रास देतात म्हणून गॅरेजमध्ये त्यांना एकच औषध मिळते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हा फरक ओळखायला पाच मिनिटे पुरतात.

गेज लावताना आणि वाचताना

पुढचे काम पेट्रोलशी आहे, म्हणून सावधगिरी आधी. गाडी मोकळ्या हवेत आणि इंजिन थंड असावे, हाताशी पावडरचा अग्निशामक असावा, आणि जवळ कुणी सिगारेट किंवा देवापुढचा दिवासुद्धा पेटवलेला नसावा. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन सुरू करावे. ते आपोआप बंद पडते, त्यानंतर दोन-तीन सेकंद सेल्फ मारला की नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि जोडावर कापड धरूनच नळी सोडवावी, कारण थोडे पेट्रोल तरीही बाहेर येते. काही गाड्यांच्या रेलवर टायरसारखा व्हॉल्व्ह असतो, तिथे गेज थेट लागतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो नसतो, म्हणून रेलकडे जाणाऱ्या नळीत टी-जोड घालावा लागतो. पुष्कळ गाड्यांत हा क्विक कनेक्टर ७.८९ मिलिमीटरचा असतो, पण खरेदीपूर्वी व्हर्नियरने मोजून घ्यावे.

गेजचा संच घेताना त्यात वाट बंद करता येणारा कॉक (छोटी तोटी) आहे ना, हे पाहावे. पूर्वीच्या रबरी नळ्या क्लॅम्पने दाबून वाट अडवता येत असे. आताच्या नायलॉनच्या नळीला चिमटा लावला तर ती चिरते. जोडणीचा क्रम टाकी, मग कॉक, मग गेज, मग रेल असा ठेवावा. कॉक बंद केला की गेजला फक्त रेल आणि इंजेक्टर दिसतात; उघडा ठेवला की टाकीपर्यंतची सगळी यंत्रणा दिसते. सगळे निदान या एका कॉकवर उभे आहे.

पहिल्या फेरीत कॉक उघडा ठेवून चावी दोनदा फिरवावी, काटा किती चढतो ते पाहावे आणि चावी बंद करून घड्याळ लावावे. पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी आकडा लिहावा. आपल्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत किमान आकडा दिलेला असतो. टोयोटाच्या अनेक पेट्रोल इंजिनांसाठी पाच मिनिटांनंतर निदान १४७ किलोपास्कल, म्हणजे जवळजवळ दीड बार, दाब उरावा अशी अट आहे. पुस्तिका हाती नसेल तर हा आकडा अंदाजाला चालतो. दुसऱ्या फेरीत पुन्हा दाब भरावा, चावी बंद करावी, लगेच कॉक बंद करावा आणि तेच आकडे पुन्हा लिहावेत. पंप चालू असताना कॉक बंद करू नये, कारण ज्या गाड्यांत रेग्युलेटर रेलवर असतो तिथे नळीतला दाब नको तितका वाढतो. इंजिन गरम असताना हीच परीक्षा केली तर कॉक बंद केल्यावर काटा आधी थोडा वर चढतो. पेट्रोल तापून फुगते, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या गाडीत पंपाने ३ बार दिले. कॉक उघडा असताना पाच मिनिटांत ते १.१ वर आले आणि वीस मिनिटांत शून्यावर. कॉक बंद करून वीस मिनिटांनी काटा २.७ वर होता. म्हणजे इंजेक्टर निर्दोष होते आणि गळती टाकीच्या बाजूला होती. चार इंजेक्टरांचा खर्च त्या एका आकड्याने वाचला.

कॉक बंद असूनही काटा घसरला असता तर संशय इंजेक्टरांवर आला असता. अशा वेळी इंजेक्टरांसकट रेल उचलून, ते नीट बांधून, दाब भरून त्यांची तोंडे पाहता येतात. मिनिटाला एका थेंबापेक्षा कमी ही मर्यादा पुष्कळ पुस्तिकांत दिलेली असते. हे काम उघड्यावर पेट्रोल असलेले आणि धोक्याचे आहे, म्हणून ते अनुभवी माणसाकडून करून घ्यावे. घरी करण्याजोगी खूण अशी की गाडी काही तास उभी राहिल्यावर प्लग काढले तर एकच प्लग ओला किंवा काळा सापडतो. तोंडाशी घाण अडकल्याने इंजेक्टर टपकत असेल तर अल्ट्रासॉनिक सफाईने तो सुधारतो. बैठक झिजली असेल तर सुधारत नाही. ज्या जुन्या गाड्यांत रेलवर रेग्युलेटर आणि टाकीकडे परतणारी नळी आहे, तिथे रेग्युलेटरची व्हॅक्यूमची बारीक नळी काढून पाहावी. तिच्यात पेट्रोलचा थेंब जरी दिसला तरी आतला पडदा फाटलेला आहे. इंजिन आयडलला असताना ती नळी काढल्यावर दाब साधारण अर्ध्या बारने वाढायला हवा. परतीची रबरी नळी दाबून धरल्यावर काटा स्थिरावला तर रेग्युलेटर गळतो आहे.

दुसरा दोष : पंपापर्यंत न पोहोचणारी वीज

इथे मला स्वतःला बराच वेळ अडखळायला झाले. टाकीच्या बाजूला गळती आहे हे खरे, पण पंप तर आठ महिन्यांपूर्वीच बदलला होता, आणि बदलल्यावर गाडी काही महिने उत्तम चालली होती. गळती जुनीच असेल तर मधले महिने चांगले कसे गेले? याचे उत्तर व्होल्टमीटरने दिले. पंप चालू असताना बॅटरीवर १२.३ व्होल्ट होते आणि पंपाच्या प्लगवर १०.८. दीड व्होल्ट वाटेत हरवत होते. अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट मी मान्य केली असती. याहून जास्त असेल तर वाटेत कुठेतरी जळलेली पिन, थकलेला रिले किंवा गंजलेली अर्थिंग असते. माझ्याकडे अर्थिंग होती : मागच्या सीटखाली बॉडीला कसलेला बोल्ट हिरवट-पांढऱ्या गंजाने भरलेला होता. गाडीची पहिली सात वर्षे रत्नागिरीत गेली होती, आणि खाऱ्या हवेतल्या गाड्यांत ही जागा सर्वांत आधी तपासावी असे आता मी प्रत्येकाला सांगतो.

व्होल्टेज थोडे कमी झाले तरी पंपाचा जोर त्याहून जास्त उतरतो. नवा पंप ताजा असताना दोन सेकंदांत रिकामी नळीही भरत होता, म्हणून गळती झाकली गेली. अर्थिंग आणखी बिघडली तशी तीच गळती पुन्हा वर आली. दोन्ही दोष अर्धे-अर्धे होते, आणि एकटा कुठलाच गाडी अडवण्याइतका मोठा नव्हता. वारंवार परत येणाऱ्या दोषांत असे जोडदोष मी पुष्कळदा पाहिले आहेत. म्हणून एक गळती सापडल्यावरही वीज मोजल्याशिवाय काम संपले असे मानू नये, आणि दाब चढायला किती वेळ लागतो हेही गेज लावलेले असतानाच पाहून घ्यावे.

अर्थिंग घासून, नवा लग लावून, वर ग्रीस फासल्यावर पंपापाशी १२ व्होल्ट आले. त्यानंतर टाकीतले मॉड्यूल काढले. रेग्युलेटर ज्या खोबणीत बसतो तिथली ओरिंग कडक, चपटी झालेली होती आणि एका बाजूने तिला चीर होती. पंप बदलताना तीच जुनी ओरिंग पुन्हा बसवली गेली होती. नवी ओरिंग व्हायटॉनची, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या रबराची, मागून घेतली. याचे कारण पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांचे रबरी भाग ते डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नाहीत. ओरिंग बसवताना तिला स्वच्छ पेट्रोलचा हात लावावा, ग्रीस लावू नये. मॉड्यूलच्या झाकणाखालचे मोठे सीलही नवेच वापरावे, कारण जुने सील फुगलेले असते आणि ते परत बसवले की गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागतो. चेक व्हॉल्व्ह बहुधा पंपातच असतो, त्यामुळे तोच दोषी निघाला तर पंप बदलणे भागच आहे. टाकी उघडलेली असताना तळाशी पाणी किंवा गाळ आहे का, हेही पाहावे. इथेनॉल पाणी ओढते, आणि प्रमाणाबाहेर पाणी झाले की ते तळाशी वेगळे होते, नेमके पंपाची जाळी जिथे असते तिथे.

सीएनजी गाड्यांच्या मालकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्यापैकी बरेच जण टाकीत जेमतेम दोन लिटर पेट्रोल ठेवून महिनोन्‌महिने सीएनजीवर फिरतात, पण बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात. पंपाला थंडावा भोवतीच्या पेट्रोलमुळेच मिळतो, आणि काही किटांमध्ये सीएनजीवर असतानाही पंप फिरत राहतो. उघडा पडलेला पंप लवकर झिजतो आणि जुने पेट्रोल हलके घटक उडून गेल्याने थंडीत नीट पेटत नाही. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवावे आणि आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी.

दाब नीट, तरीही उशीर

गेजने सगळे निर्दोष ठरवले तर इंधनाचा पाठलाग सोडून द्यावा. थंड गाडीत स्कॅनरवर कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसायला हवे. कूलंटचा सेन्सर सकाळी सहाला ऐंशी अंश सांगत असेल तर ईसीयू थंड इंजिनाला पुरेसे पेट्रोल देणारच नाही. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहत असेल तर इंजिनाचे फिरणे ओळखणारा क्रँक सेन्सर तपासावा. तो बऱ्याचदा गरम झाल्यावरच दगा देतो. आणि पेट्रोल भरून पंपावरून निघतानाच गाडी सुरू व्हायला कुरकुर करत असेल, एरवी नाही, तर टाकीची वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

डिझेलच्या कॉमन रेल गाड्यांना यातले थोडेच लागू पडते. तिथे फिल्टरच्या सीलमधून किंवा सैल जोडातून हवा आत शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरते. फिल्टरनंतर थोडी पारदर्शक नळी लावली की बुडबुडे दिसतात. हवा नसेल तर इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून कोणता इंजेक्टर जास्त डिझेल परत करतो ते पाहतात, कारण रेलमध्ये किमान दाब उभा राहिल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. तो दाब शेकडो बारमध्ये असतो. त्याची फवार कातडीतून आत शिरते, म्हणून त्या बाजूचा एकही नट इंजिन चालू असताना सैल करू नये.

दुरुस्तीनंतर मी तेच मोजमाप पुन्हा केले : कॉक उघडा, पाच मिनिटांनी २.८ बार, वीस मिनिटांनी २.५. दुसऱ्या दिवशी सकाळी थेट सेल्फ मारला आणि इंजिनाने एका सेकंदात पकड घेतली. हे आकडे, पंपापाशी मोजलेले व्होल्ट आणि तारीख मी गाडीच्या सर्व्हिस वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत, म्हणजे पुढे कधी सेल्फ लांबला तर तुलनेसाठी याच गाडीचे, ती चांगली असतानाचे माप हाताशी असेल. पुढचे मोजमाप पावसाळा संपल्यावर, अर्थिंगच्या त्याच बोल्टपासून सुरू करणार आहे.